वाटाड्याविना मीड सरोवराच्या काठाने

अमेरिकेतील लास व्हेगास हे शहर जुगारगृहे आणि रोषणाई यांसाठी जगभर प्रसिद्ध आहे. या शहराच्या पूर्वेला जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर मोहावीच्या वाळवंटात मीड सरोवर पसरले आहे. सरोवराच्या उत्तरेकडून जाणारा सुमारे ८० किलोमीटरचा ‘नॉर्थशोअर रोड’ हा पर्यटकांनी स्वतः मोटार चालवत, हवे तेथे थांबत पाहण्याचा रस्ता आहे. वाटाड्याची येथे गरज भासत नाही. मात्र जे दिसते त्याचा अर्थ आधी ठाऊक असेल, तर हा प्रवास केवळ डोळ्यांचे सुख न राहता पाण्याच्या एका मोठ्या प्रश्नाची ओळख करून देतो.

मीड सरोवर हे निसर्गनिर्मित नाही. कोलोरॅडो नदीवर १९३१ ते १९३५ या काळात २२१ मीटर उंचीचे हूव्हर धरण बांधण्यात आले आणि त्यामागे हा जलाशय साकारला. अमेरिकेच्या जलसिंचन खात्याचे आयुक्त एलवुड मीड यांचे नाव त्याला देण्यात आले. पूर्ण भरला असता त्यात सुमारे अकराशे टीएमसी, म्हणजे आपल्या कोयना धरणाच्या दसपटीहून अधिक पाणी मावते. सरोवर आणि भोवतालचा प्रदेश १९६४ साली राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्र म्हणून घोषित झाला. अमेरिकी काँग्रेसने असा दर्जा दिलेले हे पहिलेच क्षेत्र होय.

वाटेवरील थांबे

हेंडरसन या उपनगरातून प्रवेशद्वारावर मोटारीचे शुल्क भरून आत शिरले, की काही वेळातच रस्ता ‘लास व्हेगास वॉश’ हा प्रवाह ओलांडतो. वर्षाकाठी सरासरी सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या भागात बारमाही वाहता ओढा पाहून नवल वाटते. तथापि हे पाणी प्रामुख्याने शहराचे सांडपाणी असून, शुद्धीकरणानंतर ते पुन्हा सरोवरात सोडले जाते. लास व्हेगासला लागणारे सुमारे ९० टक्के पाणी कोलोरॅडो नदीचेच असल्याने, घराघरांत वापरलेला थेंब शक्यतो परत मिळवण्याची ही व्यवस्था शहराच्या अस्तित्वाचा आधार बनली आहे.

पुढे कॉलव्हिल बेचा फाटा लागतो. येथून खाली उतरले, की सरोवराचे निळे पाणी आणि त्याभोवती खडकांवर उमटलेला पांढरा पट्टा स्पष्ट दिसतो. पाण्यातील क्षार खडकावर साचून हा पट्टा तयार झाला आहे. पाणी एकेकाळी कोठवर होते, याची ती खूणच म्हणावी लागेल.

मुख्य रस्त्यावर परतून पूर्वेकडे गेले, की राखाडी डोंगरांमध्ये एकाएकी लालभडक खडक उभे राहतात. ‘रेडस्टोन’ या थांब्यावर त्यांच्यामधून फिरण्यासाठी छोटी पायवाट आहे. हे खडक म्हणजे डायनासोरांच्या काळातील वाळूच्या टेकड्या होत. कोट्यवधी वर्षांत त्या घट्ट होऊन त्यांचा वालुकाश्म बनला आणि त्यातील लोहाच्या संयुगांमुळे त्यांना हा रंग आला.

त्यानंतर रॉजर्स स्प्रिंग हा कोमट पाण्याचा झरा येतो. हे स्थळ मोहक असले, तरी तेथे डोके पाण्याखाली नेऊ नये, अशी स्पष्ट सूचना आहे. अशा पाण्यात आढळणारा नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचल्यास प्राणघातक ठरू शकतो.

पाण्याने परत केलेले गाव

रस्त्याच्या उत्तर टोकाजवळून एक कच्चा रस्ता सेंट थॉमस या गावाच्या अवशेषांकडे जातो. मॉर्मन पंथीयांनी १८६५ साली वसवलेले हे गाव धरणाचे पाणी चढत गेल्याने १९३८ साली बुडाले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी पाणी ओसरू लागले आणि घरांची जोती, पाण्याच्या टाक्या, शाळेच्या पायऱ्या पुन्हा उघड्या पडल्या. आज तेथे पायी फिरता येते. तेथील कोणतीही वस्तू उचलून नेण्यास मात्र बंदी आहे.

पाणी का ओसरले, याचे मूळ १९२२ सालच्या करारात आहे. कोलोरॅडोचे पाणी सात राज्यांच्या दोन गटांत वाटताना जी आकडेवारी गृहीत धरली गेली, ती नेहमीपेक्षा अधिक पावसाच्या वर्षांची होती. परिणामी नदीत जेवढे पाणी येते, त्याहून अधिक पाण्यावर कागदोपत्री हक्क निर्माण झाले. त्यातच २००० सालापासून दीर्घ अवर्षण सुरू झाले. वाढत्या तापमानामुळे रॉकी पर्वतातील बर्फापासून नदीला मिळणारे पाणीही घटले.

जुलै २०२२ मध्ये सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे १०४० फुटांवर आली आणि साठा क्षमतेच्या जवळपास २७ टक्के उरला. १९३०च्या दशकात जलाशय भरू लागला, त्यानंतरचा तो नीचांक होता. त्यापूर्वी ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने प्रथमच अधिकृत पाणीटंचाई जाहीर करून पुढील वर्षासाठी ॲरिझोना, नेवाडा आणि मेक्सिको यांच्या वाट्यात कपात केली. २०२३ मधील चांगल्या हिमवृष्टीने पातळी सावरली, परंतु २०२५ मध्ये ती पुन्हा घसरली. शेती आणि नळाचे पाणी यांसाठी सुमारे अडीच कोटी लोक या जलाशयावर विसंबून असल्याने ही घसरण केवळ पर्यटनाची चिंता नाही.

निघण्यापूर्वी

या सफरीसाठी नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि थोडे अंतर चालणेही जिवावर बेतू शकते. रस्त्याच्या बऱ्याच भागात मोबाइलला संदेशवहन मिळत नाही. त्यामुळे नकाशा छापून वा मोबाइलमध्ये आधीच उतरवून घ्यावा. पेट्रोलची टाकी शहरातच भरावी आणि माणशी किमान चार लिटर पाणी मोटारीत ठेवावे. मोटार बंद पडल्यास ती सोडून मदतीच्या शोधात चालत जाऊ नये. वळवाच्या पावसात कोरड्या ओढ्यांना अचानक लोंढे येतात, अशा वेळी वाहते पाणी ओलांडण्याचे धाडस टाळावे. भारतातून गेलेल्यांनी तेथील वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, हेही ध्यानात ठेवावे.

परतताना आलेल्याच रस्त्याने न येता ‘व्हॅली ऑफ फायर’ या राज्य उद्यानातून महामार्ग गाठता येतो. त्यासाठी वेगळे शुल्क पडते, पण लाल खडकांवर प्राचीन रहिवाशांनी कोरलेली चित्रे तेथे पाहावयास मिळतात. थांबे धरून ही संपूर्ण फेरी एका दिवसात होते. वेळ अपुरा असेल, तर अन्य एखादे स्थळ वगळावे, पण सेंट थॉमस चुकवू नये. सरोवराचे पाणी किती मागे हटले आहे, हे तेथे उभे राहिल्यावर आकड्यांवाचूनही समजते.