विज्ञानातली प्रेमकथा निवडताना

वैशाखातली दुपार. कुरड्या-पापड गच्चीवर वाळताहेत, कूलर घरघरतो आहे आणि घरातली मंडळी जेवून आडवी झाली आहेत. जठारपेठेतल्या कितीतरी घरांत बाईच्या वाट्याला येणारा काय तो हाच दीड-दोन तासांचा वेळ. त्या वेळात हाती एखादी चांगली कादंबरी असावी असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हा मजकूर.

आता तुम्ही म्हणाल, कादंबऱ्या काय आम्ही आज वाचतोय? ना. सी. फडके झाले, चंद्रकांत काकोडकर झाले, सुमती क्षेत्रमाडे तर दोन-दोनदा झाल्या. प्रेमाच्या गोष्टी आवडतात हो, पण तोच गैरसमज, तीच श्रीमंत घराची आडकाठी आणि तेच शेवटच्या प्रकरणातलं लग्न! काही नवं असेल तर सांगा.

नवं आहे. विज्ञानकथा आणि प्रेमकथा एकत्र नांदतात अशा कादंबऱ्या आहेत. इंग्रजीत त्यांचं स्वतंत्र दालन भरलेलं आहे. मराठीत मात्र त्या नावाचं कपाटच नाही. इकडच्या-तिकडच्या कपाटांतून ती पुस्तकं आपल्यालाच वेचून काढावी लागतात. तेव्हा प्रश्न आहे तो शोधायचं कसं, आणि हाती आलेलं चांगलं की वाईट हे ओळखायचं कसं.

‘विज्ञान’ म्हटलं की आपल्यातल्या निम्म्याजणी दोन पावलं मागे सरकतात. ‘माय वं, मी तं आर्ट्सवाली, मले काय समजते त्यातलं?’ असं म्हणून पुस्तक पुन्हा फळीवर ठेवतात. त्यांना मी आपल्याच विदर्भाच्या लेकीची आठवण करून देईन. दमयंतीची! स्वयंवराच्या मंडपात तिच्यासमोर एक नाही, पाच नळ उभे होते. त्यातले चार देव: इंद्र, अग्नी, वरुण आणि यम. रूप तेच, वेष तोच. मग तिनं आपला नळ ओळखला कसा? देवांना घाम येत नाही, त्यांची पापणी लवत नाही, त्यांच्या गळ्यातली फुलं कोमेजत नाहीत, त्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत. ज्याला घाम आला होता, ज्याची माळ सुकली होती आणि ज्याची सावली पडली होती, त्याच्या गळ्यात तिनं माळ घातली. (अकोल्याच्या उन्हाळ्यात स्वयंवर असतं तर हे काम आणखी सोपं झालं असतं!)

आज यंत्रमानवाच्या प्रेमकथा लिहिणारे लेखक नेमका हाच प्रश्न विचारतात. समोरचा हुबेहूब माणसासारखा आहे, पण माणूस आहे का? आणि नसला, तर माझं त्याच्यावरचं प्रेम खोटं का? दमयंतीची गोष्ट ज्यांना कळली त्यांना हे कळायला बी.एस्सी. व्हावं लागत नाही.

आता निवडीची कसोटी. अकोल्याच्या बायकांना डाळ पारखायला कुणी शिकवावं लागत नाही, इतक्या डाळमिल आपल्या गावात. तरी गणंग निघतोच. पुस्तकातला गणंग ओळखायची माझी रीत अशी: गोष्टीतलं विज्ञान मनातल्या मनात काढून टाका. यानाच्या जागी विदर्भ एक्सप्रेस ठेवा, परग्रहाच्या जागी पचमढी ठेवा. तरीही गोष्ट जशीच्या तशी चालत असेल, तर ते पुस्तक म्हणजे जुन्याच पातळाला नवा काठ. मग उलट करून बघा. प्रेम काढून टाका. तरी काही अडत नसेल, तर लेखकानं नायिका केवळ शोभेला उभी केली आहे. दोन्हींतलं काहीही काढलं तर गोष्ट कोसळते, ते पुस्तक घरी न्यावं.

उदाहरण देते. आइन्स्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे अतिशय वेगानं जाणाऱ्याचा काळ सावकाश सरतो. प्रकाशाच्या वेगाच्या नव्याण्णव टक्के वेगानं यान गेलं, तर यानातल्या एका वर्षात पृथ्वीवर सुमारे सात वर्षं होतात. समजा, जोडप्यातली दोघंही सव्वीस वर्षांची. तो यानात बसून गेला आणि त्याच्या घड्याळाप्रमाणे पाच वर्षांनी परत आला. तो एकतीस वर्षांचा, आणि दारात उभी असलेली त्याची बायको एकसष्ट वर्षांची! कुणी कुणाला फसवलेलं नाही, कुणाचा दोष नाही, खलनायक तर नाहीच. आता त्या दोघांनी काय करायचं? हा पेच विज्ञानाशिवाय निर्माणच होत नाही, आणि प्रेम नसेल तर तो पेच उरत नाही.

आणि हे आपल्यापासून तितकंसं लांब नाही बरं का. ज्यांची मुलं कॅलिफोर्नियात आहेत त्यांना विचारा. उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले की तिकडे त्याच दिवशीचे सकाळचे नऊ वाजलेले असतात. आई झाकपाक करता करता बोलते आणि लेक न्याहारी करता करता. एका घरातली माणसं दोन वेळांत राहतात म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून शिकायला नको. म्हणूनच काळाच्या गोष्टीपासून सुरवात करा असं मी नव्या वाचकिणीला सांगेन. परग्रहावरची लढाई, सम्राट, लांबलचक नावं हे सगळं मागाहून.

मराठीत आरंभ जयंत नारळीकरांपासून करावा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावानं. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं त्यांनी उलटी करून घेतली होती. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती कथा लिहून काढली मंगलाबाईंनी, त्यांच्या पत्नीनं. त्या स्वतः गणितज्ञ. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पुढच्याच वर्षी, १९७५ च्या कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी नारळीकरांच्या विज्ञानकथेची भाषणात दखल घेतली. मराठी विज्ञानकथा प्रतिष्ठेला चढली त्यात असा बायकांचाही हात आहे. मंगलाबाई २०२३ मध्ये गेल्या, नारळीकर मे २०२५ मध्ये.

त्यांचा ‘यक्षांची देणगी’ हा १९७९ चा संग्रह वाचा, मग ‘प्रेषित’ ही कादंबरी घ्या. पण आधीच सांगून ठेवते, नारळीकरांकडे विज्ञान पोटभर आणि प्रेम चिमूटभर. तरी त्यांच्यापासून सुरवात करायची, कारण अवघड गोष्ट सोप्या मराठीत कशी सांगावी हे त्यांच्याकडेच कळतं. एकदा ती सवय झाली की पुढचं जड जात नाही.

त्यानंतर शुभदा गोगटे यांची ‘यंत्रायणी’ शोधा. बाईनं लिहिलेली मराठी विज्ञान कादंबरी म्हणून तरी ती आपल्या वाचनात यायलाच हवी. सुबोध जावडेकरांच्या कथांत माणसाचं मन अधिक सापडतं, आणि आजच्या लेखिकांपैकी मेघश्री दळवी सातत्यानं विज्ञानकथा लिहितात. आपल्या वऱ्हाडाचंही एक नाव आहे. परतवाड्याला जन्मलेले अरुण साधू. ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ सगळ्यांना ठाऊक असतात, पण त्यांनी ‘विप्लवा’ नावाची विज्ञान कादंबरीही लिहिली आहे.

अस्सल मराठी आणि अस्सल प्रेमाची विज्ञानगोष्ट हवीच असेल तर ती सध्या पुस्तकापेक्षा पडद्यावर लवकर सापडेल. २०१६ चा सुजय डहाके यांचा ‘फुंतरू’ बघा. आवडलेल्या मुलीची हुबेहूब प्रतिमा एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी तयार करतो, अशी ती गोष्ट. केतकी माटेगावकर त्यात आहे. त्याच्या आधीचा, २०१० चा रजनीकांतचा ‘रोबोट’ तुम्ही पाहिलाच असेल. यंत्रमानव प्रेमात पडतो ही कल्पना झकास, पण ऐश्वर्या रायला त्यात पळवून नेलं जाण्यापलीकडे काम किती? माझ्या कसोटीला तो अर्धाच उतरतो.

इंग्रजी वाचणाऱ्या मैत्रिणींचं भाग्य मोठं. त्यांनी ऑड्री निफेनेगर यांची २००३ सालची ‘द टाइम ट्रॅव्हलर्स वाइफ’ आधी वाचावी. शिकागोतला हेन्री एका वाचनालयात काम करतो. त्याला एक जन्मजात विकार आहे. तो बसल्या जागेवरून नाहीसा होतो आणि भलत्याच वर्षात जाऊन पडतो. मागे उरतात ते त्याचे कपडे. बायको क्लेअर ते उचलून ठेवते आणि वाट बघते. वाट बघणं हे बाईचं किती मोठं काम आहे, हे लेखिकेनं ज्या रीतीनं दाखवलं आहे ते वाचून मला बराच वेळ दुसरं पुस्तक उघडवलं नाही.

दुसरी लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांची १९८६ ची ‘शार्ड्स ऑफ ऑनर’. अनोळखी ग्रहावर दोन शत्रुपक्षांचे अधिकारी एकमेकांच्या आधारानं जीव वाचवतात. ती तिशी ओलांडलेली, तो चाळिशी ओलांडलेला. म्हणजे कोवळ्या वयाचं लाजणं-मुरकणं नाही. दोघांनीही आयुष्यात बरंच सोसलेलं आहे आणि दोघं शब्दाला पक्की आहेत. आपल्या वयाच्या वाचकिणीला अशी प्रेमकथा विरळाच मिळते.

या प्रकाराचं मूळ शोधलं तर तिथेही एक वैतागलेली बाई सापडते. अ‍ॅन मॅकॅफ्री. विज्ञानकथांतल्या बायका नुसत्या कोपऱ्यात उभ्या राहून किंचाळतात याचा तिला राग आला आणि त्या रागातून तिनं १९६७ साली ‘रेस्टोरी’ लिहिली.

फोनवर शोधाल तर मात्र सांभाळून. तिथे पहिल्यांदा समोर येतात त्या निळ्या कातडीच्या, शिंगं असलेल्या परग्रहवासीयांच्या गोष्टी. रूबी डिक्सन यांची ‘आइस प्लॅनेट बार्बेरियन्स’ ही मालिका त्यातली गाजलेली. त्यात शृंगार उघडा आणि भरपूर आहे. तो वाचण्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही, पण सासूबाईंच्या शेजारी बसून उघडण्याचं हे पुस्तक नव्हे, आणि घरातल्या वाढत्या मुलींच्या हाती फोन देण्याआधी आपण स्वतः चाळलेलं बरं. निफेनेगरच्या कादंबरीतही काही पानं मोकळी आहेत, हेही सांगून ठेवते.

वाचनालयात जाऊन ‘प्रेमाची विज्ञानकथा द्या’ म्हणाल तर खिडकीतला माणूस गोंधळेल, नाहीतर हसेल. दोन्ही मनावर घेऊ नका. विज्ञानकथांचं कपाट बहुधा बालवाङ्मयाच्या शेजारी असतं, कारण हे मुलांचं वाचन असा आपल्याकडे समज आहे. तिथे तुमच्याकडे कुणी ‘नातवासाठी का?’ असं विचारलं तर सरळ सांगा, ‘नाही, माझ्यासाठी.’ त्यानंतर अनुवादित कादंबऱ्यांची फळी बघा. जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठेही मागा. ‘नवल’चे अंक मिळाले तर सोडू नका, त्यांत विज्ञान आणि अद्भुत यांची चांगली भेळ असते.

पुस्तक हातात घेतलं की वेष्टणावरचं चित्र बघू नका, पहिलं पानही वाचू नका. पहिलं पान सगळेच लेखक घासूनपुसून ठेवतात. मधे कुठेतरी उघडा आणि ती दोघं एकमेकांशी बोलताहेत असं पान काढा. तो तिला यंत्राची माहितीच सांगत असेल आणि ती ‘हो का?’ ‘अय्या!’ एवढंच म्हणत असेल, तर मिटा. ती उलट प्रश्न विचारत असेल, त्याचं चुकतं तिथे अडवत असेल, तर कार्ड पुढे करा आणि नोंद करून घ्या. पन्नास पानांपर्यंत धीर धरा. नवी नावं, नवे शब्द तोवर अंगवळणी पडतात. त्यानंतरही गणंग लागलाच, तर दुसऱ्या दिवशी बदलून आणा. वर्गणी त्यासाठीच भरलेली असते.