घनपाठी आणि ग्रँडमास्टर

अहिल्यानगरच्या १९ वर्षांच्या देवव्रत महेश रेखे यांनी २०२५ मध्ये काशीत शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेतले सुमारे २००० मंत्र दंडक्रमाने ५० दिवसांत म्हटले. सगळं मुखोद्गत. ही बातमी वाचून मौद्याच्या एका पालकांनी विचारलंय, ‘मेमरीच्या क्लासला घातलं तर मुलाचं डोकं असं होईल का?’

क्लासवाल्यांचा आवडता किताब म्हणजे ‘ग्रँडमास्टर ऑफ मेमरी’. त्याचे मूळ निकष तीन: तासाभरात १००० आकडे, तासाभरात पत्त्यांचे १० जोड आणि एक जोड दोन मिनिटांच्या आत. पण २००३ मध्ये लंडनच्या मेंदूशास्त्रज्ञ एलिनॉर मॅग्वायर यांनी अशा स्मरणपटूंना तपासलं, तेव्हा ना बुद्धी असामान्य निघाली, ना मेंदूची ठेवण वेगळी. दहातले नऊ जण ओळखीच्या वाटेवर एकेक गोष्ट मनात मांडत जायचे. म्हणजे कन्हानच्या पुलावर इस्पिक एक्का, पुढे बसस्टँडवर बदाम राणी!

वैदिकांची तऱ्हाच निराळी. दंडक्रमासारखाच घनपाठ हाही पदं उलटसुलट फिरवण्याचा एक प्रकार. त्यात पदं १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३ अशी फिरतात. मग दुसऱ्या पदापासून पुन्हा तेच. क्रम उलटला की संधीही बदलतो, त्यामुळे नुसत्या चालीवर निभावत नाही. एखादं पद गळलंच, तर उलट फेरीत लगेच उघडं पडतं. लेखी प्रत नसताना केवढी ही चोख तपासणी!

मेंदूचे अभ्यासक जेम्स हार्टझेल यांच्या गटाने २०१६ मध्ये अशा २१ पंडितांच्या मेंदूंची २१ इतरांशी तुलना केली. पंडितांच्या मेंदूत काही भागांतलं करडं द्रव्य जास्त आढळलं. पण पाठांतराने मेंदू घडला, की तशा मेंदूचेच पाठशाळेत टिकले? एकदाच काढलेल्या प्रतिमांवरून ते ठरत नाही. व्हॉट्सअॅपवर मात्र केव्हाच ठरलंय.

मला जास्त मोलाचा वाटतो तो अमेरिकेतल्या स्मरणाच्या एका प्रयोगातला स्टीव्ह फलून. साधा विद्यार्थी, पण धावपटू. ३४९२ ऐकलं की त्याला मैलाची ३ मिनिटं ४९.२ सेकंद ही वेळ दिसायची. दीडेक वर्षाच्या सरावाने तो ७ वरून ७९ आकड्यांवर पोचला. मग संशोधकांनी आकड्यांऐवजी अक्षरं दिली, आणि गडी परत सहावर!

सराव ज्याचा, स्मरण त्याचं. तेव्हा क्लासची फी भरण्याआधी एवढंच विचारावं: मेमरी वाढेल हो, पण कशाची?