विरळ हवेत एकट्याने जाताना

दवाखान्याच्या रहाटगाडग्यातून पंधरा दिवस सुटका करून घ्यावी आणि एकदा तरी हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन उभे राहावे, ही इच्छा आपल्यापैकी अनेकांच्या मनात वर्षानुवर्षे घर करून असते. सोबत्यांच्या सवडी मात्र जुळत नाहीत. कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाच्या घरी लग्नकार्य, कुणाला गुडघ्यांची साथ नाही. अखेर 'एकटाच जाईन' असा निश्चय होतो. हा निश्चय वेडेपणाचा मुळीच नाही. परंतु एकट्याच्या प्रवासाचे नियोजन चौघांच्या सहलीपेक्षा निराळ्या रीतीने करावे लागते. ते कसे, याचा विचार एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या सुपरिचित वाटेच्या आधाराने करू.

उंचीचे गणित

आपले इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. मध्य प्रदेशातील सर्वांत उंच शिखर, पचमढीचे धूपगड, १३५० मीटरच्या आसपास, तर महाराष्ट्रातील कळसूबाई १६४६ मीटर. या डोंगरांवरील सरावाने पाय आणि दम तयार होतात. विरळ हवेची सवय मात्र त्यांतून होत नाही. बेस कॅम्पची उंची ५३६४ मीटर. तेथे हवेतील प्राणवायूचे प्रमाण येथल्याइतकेच, म्हणजे २१ टक्के असते. पण हवेचा दाब जवळजवळ निम्मा झालेला असतो. या दाबाशी जुळवून घ्यायला श्वसनाची गती वाढते, रक्त अल्कधर्मी होते आणि मूत्रपिंडे बायकार्बोनेट बाहेर टाकून तोल सावरतात. या कामाला काही दिवस लागतात आणि त्यात घाई चालत नाही. उत्तम प्रकृती हे येथे संरक्षण नव्हे. उलट धडधाकट माणूस भरभर चढतो आणि लवकर आजारी पडतो.

३००० मीटरच्या वर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरहून अधिक चढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर मुक्काम करावा, हा सर्वमान्य नियम आहे. साधारणतः त्याला धरून आखणी अशी होते: विमानाने लुकला (२८६० मीटर) आणि त्याच दिवशी थोडे उतरून फाकडिंगला मुक्काम, मग नामचे बाजार (३४४०) येथे दोन रात्री, तेंगबोचे (३८६०), दिंगबोचे (४४१०) येथे पुन्हा दोन रात्री, नंतर लोबुचे (सुमारे ४९००) आणि गोरक्षेप (५१६४). तेथून बेस कॅम्प पाहून गोरक्षेपलाच परतायचे. जाऊन-येऊन साधारण बारा दिवस लागतात. त्यात किमान दोन-तीन दिवस राखीव ठेवावेत, कारण लुकलाची विमाने ढगांच्या मर्जीवर उडतात. परतीचे तिकीट घट्ट बांधलेला प्रवासी डोके दुखत असतानाही चढत राहतो. राखीव दिवस हे म्हणूनच औषधांइतकेच महत्त्वाचे.

आजार जुनाच, विसर नवा

१९६२ च्या युद्धानंतर उंच सीमेवर झपाट्याने नेलेल्या भारतीय सैनिकांत हा आजार मोठ्या प्रमाणावर दिसला. डॉ. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी अशा १९२५ सैनिकांवरील अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध केला; या विषयातला तो पायाभूत लेख मानला जातो. डॉ. पीटर हॅकेट आणि सहकाऱ्यांनी याच वाटेवरील फेरिचे गावी २७८ पदयात्रींची पाहणी केली. १९७६ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांनुसार निम्म्याहून अधिक लोकांना गिरिव्याधीने गाठले होते, आणि लुकलापर्यंत विमानाने आलेल्यांत हे प्रमाण पायी आलेल्यांपेक्षा जास्त होते.

लक्षणे आपणा सर्वांना पाठ आहेत. डोकेदुखी, मळमळ, थकवा, भोवळ ही पहिली पायरी. तोल जाणे आणि बुद्धिभ्रम म्हणजे मेंदूला सूज. विश्रांतीतही लागणारी धाप आणि खोकला म्हणजे फुफ्फुसात पाणी. आधी दिवसभर आणि नंतर १२५ मिलिग्रॅम अ‍ॅसिटाझोलामाइड दिवसातून दोनदा, हा प्रतिबंधाचा प्रचलित उपाय. मेंदूच्या सुजेवर डेक्सामेथासोन, फुफ्फुसाच्या सुजेवर निफेडिपिन आणि दोन्हींवर प्राणवायू. पण या सर्वांहून श्रेष्ठ उपचार म्हणजे खाली उतरणे. ३०० ते १००० मीटरच्या उतारानेही बहुधा जीव वाचतो.

डॉक्टरच रुग्ण असताना

खरा प्रश्न येथेच सुरू होतो. विरळ हवेचा पहिला घाला विवेकबुद्धीवर होतो, म्हणजे ज्या अवयवाने निदान करायचे तोच आजारी पडतो. सोबत मित्र असेल तर तो म्हणतो, "अरे, तू झोकांड्या खातोयस." एकट्याला हे सांगणारे कोणी नसते. त्यातही डॉक्टरची अडचण अधिक बिकट, कारण त्याच्याजवळ प्रत्येक लक्षणाला सोयीस्कर कारण तयार असते: पाणी कमी प्यायलो, झोप झाली नाही, सर्दी आहे. शिवाय पिशवीत डेक्सामेथासोन असते. ते घेऊन लक्षणे दाबायची आणि वर चढत राहायचे, यापरता मोठा धोका नाही. आपण सहसा घरच्या माणसावर शस्त्रक्रिया करत नाही, कारण माया निर्णयाच्या आड येते. शिखराची ओढ हीसुद्धा एक मायाच.

म्हणून निर्णय वर गेल्यावर घ्यायचे नाहीत. ते घरी बसून, समुद्रसपाटीच्या शहाणपणाने घ्यायचे आणि कागदावर लिहून खिशात ठेवायचे. डोके दुखत असेल तर वर जायचे नाही. विश्रांतीनंतरही लक्षणे वाढली तर उतरायचे. तोल गेला किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी, कोणाशीही वाद न घालता, सोबतीने उतरायचे. रोज संध्याकाळी टाचेला पायाचा अंगठा लावून सरळ रेषेत दहा पावले चालायचे, आणि तेही कोणाच्या तरी नजरेसमोर.

ही नजर कोणाची? स्थानिक वाटाड्याची. नेपाळ पर्यटन मंडळाने १ एप्रिल २०२३ पासून परदेशी पदयात्रींना परवानाधारक वाटाड्या सक्तीचा केला. खुंबू भागातील स्थानिक प्रशासनाने त्या वेळी तो नियम लागू केला नाही. नियम काहीही असो, वैद्यकीय दृष्टीने उत्तर एकच आहे. वाटाड्या केवळ वाट दाखवण्यासाठी नको. लुकलालाच त्याला तो कागद वाचून दाखवावा आणि सांगावे, "मी अडखळू लागलो, विसंगत बोलू लागलो, तर माझे ऐकू नका, मला खाली न्या." स्वतःवरील अधिकार असा आधीच दुसऱ्याच्या स्वाधीन करणे डॉक्टरला जड जाते, पण एकट्याच्या प्रवासातील सर्वांत मोलाची तरतूद हीच.

उरलेली तयारी

साठीच्या आसपास असाल तर हृदयाची तपासणी आधी करावी. मधुमेहींनी इन्सुलिन गोठणार नाही अशी व्यवस्था करावी. मद्य आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य. विमा घेताना हेलिकॉप्टरने सुटका आणि ५५०० मीटरपर्यंतची उंची त्यात समाविष्ट आहे ना, हे बारीक अक्षरांत वाचावे. सॅटेलाइट फोन भारतात विनापरवाना बाळगता येत नाही, तेव्हा मोबाइलवरच भिस्त ठेवावी. घरी ठरलेल्या वेळी निरोप द्यावा आणि तो न आल्यास किती वेळ थांबायचे, कोणाला फोन करायचा, हेही लिहून द्यावे. वाटेवर खुंदे येथे १९६६ साली एडमंड हिलरींच्या पुढाकाराने उभे राहिलेले रुग्णालय आहे. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना हंगामात फेरिचेला चालतो. तेथे शिरताना आपण डॉक्टर आहोत हे क्षणभर विसरावे आणि रुग्णासारखे सर्व काही खरे सांगावे.

बेस कॅम्प पुढच्या वर्षीही तेथेच असणार आहे. गोरक्षेपहून अवघ्या काही तासांवर असताना जो परत फिरू शकतो, त्याने एकट्याने जायला हरकत नाही. ज्याला आपल्याकडून ते होणार नाही असे मनोमन वाटते, त्याने सोबत्यांच्या सवडी जुळेपर्यंत वाट पाहावी. सर्व व्यवसायबंधूंना आणि भगिनींना सुखरूप प्रवासाच्या शुभेच्छा!