चालू हॉटेल विकत घेताय? टोकन देण्याआधी हा हिशेब करा

(एपिसोडचा लेखी मसुदा. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी भाषा बोललो तशीच ठेवली आहे. ज्यांना आकडे ऐकून डोक्यात राहत नाहीत, त्यांनी ०३:४० चा भाग सावकाश वाचा.)

[००:००] सुरुवात

दिवा-रोहा गाडीत हेडफोन लावून बसला असाल, तर आजचा विषय तुमच्याच वाटेवरचा आहे. नागोठणं गेलं की रोह्याच्या आधी एक छोटं स्टेशन लागतं, निडी. आजची गोष्ट मी तिथली धरली आहे. गोष्ट मनातली आहे, पण असा मुलगा तुमच्याही ओळखीत असेल. कदाचित तो तुम्हीच असाल.

समजा, निडीचा एक मुलगा आहे. वय २७. धाटावच्या एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर काम करतो, हातात २०,००० येतात. जवळच रस्त्यालगतचं एक चालू हॉटेल विकायला निघालंय. हॉटेल म्हणजे आपलं हॉटेल हां! सकाळी वडा-मिसळ-चहा, दुपारी राइस प्लेट, रात्री चिकन-भाकरी.

मालक म्हणतो, "रोजचा गल्ला आठ हजार. महिन्याला सत्तर हजार सुटतात. फ्रीज, भट्टी, भांडी, टेबलं आणि चालतं नाव, सगळ्याचे मिळून पंधरा लाख. जागा माझीच आहे, ती भाड्याने देतो. रविवारपर्यंत एक लाख टोकन दे, दुसरं गिऱ्हाईक उभंच आहे."

मुलाच्या डोक्यात गणित तयार आहे. दहा लाख बँकेचं कर्ज, पाच लाख वडिलांच्या रिटायरमेंटच्या पैशातून. सल्ला कुणाचा घेतला? मामाचा, दोन मित्रांचा आणि मालकाच्याच ओळखीच्या एजंटचा. सगळे म्हणाले, "घेऊन टाक."

मी म्हणतो, थांब. हॉटेल वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पण अजून एकाही माणसाने कागद बघितलेला नाही.

[०३:४०] सत्तर हजार येतात कुठून?

आकडे मी समजण्यासाठी धरलेत, तुमच्या जागी तुमचे घाला. रोज ८,००० गल्ला, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे २,०८,००० रुपये. आता खर्च बघा.

– किराणा, भाजी, चिकन, तेल, दूध (विक्रीच्या ४० टक्के धरून): ८३,०००
– एक वस्ताद २२,००० आणि दोन पोरं १२,००० प्रमाणे: ४६,०००
– जागेचं भाडं: २०,०००
– गॅस: १८,०००
– लाइट आणि पाणी: ९,०००
– दुरुस्ती, फुटतूट, पार्सलचं सामान: ६,०००

एकूण १,८२,०००. उरले २६,०००.

मग मालकाचे सत्तर हजार? तो खोटं बोलत नाहीये. जागा त्याची आहे, त्यामुळे भाड्याचे २०,००० त्याला द्यावे लागत नाहीत. आणि दोन पोरांचं काम त्याची बायको आणि भाऊ करतात, पगार न घेता. ते २४,०००. मिळवा: २६ अधिक २० अधिक २४, झाले ७०,०००. हिशेब बरोबर आहे. फक्त तो त्याच्या घराचा हिशेब आहे. हॉटेल विकलं की त्याची बायको आणि भाऊ तुमच्याकडे फुकट राबायला येणार नाहीत, आणि तोच माणूस तुमच्याकडून भाडं घेणार आहे.

आता कर्ज. दहा लाख, ११ टक्के व्याज, पाच वर्षं, म्हणजे हप्ता साधारण २१,७०० रुपये. २६,००० मधून हप्ता गेला की उरले ४,३००. एमआयडीसीतला २०,००० चा पगार सोडून, सकाळी पाचला शटर उघडून, महिन्याला ४,३००.

आणि हा चांगला महिना होता. आपल्याकडे जुलैचा पाऊस काय असतो ते मी सांगायला नको. गल्ला ५,५०० वर आला, तर विक्री होते १,४३,०००. माल आणि गॅस कमी लागेल, पण पगार आणि भाडं तेवढंच राहतं. खर्च साधारण १,५१,०००. म्हणजे आठ हजार खिशातून, वर हप्ता. एका महिन्यात ३०,००० चा खड्डा. त्यात पुढे श्रावण. चिकनवर चालणाऱ्या हॉटेलाला श्रावण कसा जातो, ते कुठल्याही मालकाला विचारा.

अजून एक हिशेब. तुमचा स्वतःचा पगार २०,००० धरला, तर चांगल्या महिन्यातही धंद्याचा खरा नफा ६,०००. वर्षाचे ७२,०००. पंधरा लाख वसूल व्हायला वीस वर्षांच्या वर लागतील, आणि त्यात व्याज धरलेलंच नाही.

[०८:१५] "कागदावर कमी दाखवलंय, खरा धंदा जास्त आहे"

हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणारच. त्यावर एक नियम लक्षात ठेवा: जेवढं कागदावर सिद्ध होतं, तेवढ्याचेच पैसे द्यायचे. टॅक्सवाल्याला दाखवताना धंदा लहान आणि तुम्हाला विकताना मोठा, असं चालत नाही.

आता मालकाचाच आकडा घ्या. महिन्याला २,०८,०००, म्हणजे वर्षाला जवळजवळ २५ लाख. रेस्टॉरंट जीएसटीत सेवा म्हणून धरलं जातं आणि सेवेसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे. मग मालकाकडे जीएसटी नंबर हवा. तो म्हणाला "नाही घेतला", तर दोनच शक्यता: गल्ला आठ हजार नाही, किंवा टॅक्स थकलाय.

"थकला तर त्याचा थकला, मला काय?" इथेच खरी मेख आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ८५ प्रमाणे धंदा विकला, तर विकण्याच्या दिवसापर्यंतचा थकलेला टॅक्स, व्याज आणि दंड यांची जबाबदारी विकणारा आणि घेणारा, दोघांवर येते. थकबाकी नंतर उघडकीला आली तरीही. म्हणजे पंधरा लाख देऊन तुम्ही भट्टी आणि फ्रीजबरोबर जुनं देणंही घरी आणू शकता.

शिवाय पुढे तुम्हालाही जीएसटी आहेच. छोट्या हॉटेलांसाठी कंपोझिशन योजना आहे, दीड कोटींच्या उलाढालीपर्यंत. त्यात विक्रीवर ५ टक्के भरायचे, पण गिऱ्हाइकाकडून वेगळे मागता येत नाहीत. आपल्या उदाहरणात महिन्याचे १०,४००. मगाशी हातात ४,३०० उरले होते ना? तेही गेले.

[११:०५] गिऱ्हाईक कुठून येतं?

हिशेबानंतरचा प्रश्न: हे गिऱ्हाईक उद्याही येणार आहे का?

नागोठणे-रोहा पट्ट्यात बराच धंदा कारखान्यांवर चालतो. एखाद्या कारखान्याचं शटडाऊन निघालं की बाहेरगावची माणसं कामाला येतात आणि आसपासच्या हॉटेलांत जागा मिळत नाही. नेमका तोच महिना तुम्हाला दाखवला असेल तर? म्हणून एका महिन्याचा आकडा घेऊ नका. पूर्ण १२ महिने बघा.

दुसरं, रस्ता. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर टप्प्याचं रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि पुढे किती वर्षं रखडलं, हे पेणपासून कोलाडपर्यंत सगळ्यांनी भोगलंय. रस्ता खणला की गाडी थांबत नाही. उड्डाणपूल किंवा बायपास झाला की गाडी वरून निघून जाते. आपल्या हॉटेलासमोरच्या रस्त्याचं पुढे काय ठरलंय, हे बांधकाम खात्यात आणि ग्रामपंचायतीत जाऊन विचारा.

तिसरं, सरकारी निर्णय. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद करण्याचा आदेश दिला. १ एप्रिल २०१७ पासून देशभर महामार्गालगतच्या बारना तो लागू झाला. पुढे लहान गावांसाठी अंतर २२० मीटरवर आलं, नगरपालिकांच्या हद्दीला सूटही मिळाली. पण मधल्या काळात ज्यांचा धंदा बंद राहिला, त्यांचे हप्ते कुणी थांबवले नाहीत. जागा तीच, वस्ताद तोच, पण धंद्याची किंमत एका आदेशाने बदलली. परमिट रूमवाली जागा घेत असाल, तर ही गोष्ट उशाशी ठेवा.

[१३:५०] मग विचारायचं कुणाला?

पहिला माणूस सीए. तुमचा, मालकाचा नाही. हॉटेल विकलं गेलं तर ज्याला कमिशन मिळतं, त्याचा सल्ला हा सल्ला नसतो. रोह्यात, पेणला, अलिबागला सीए आहेत. त्याला सरळ सांगा, "मला हे हॉटेल घ्यायचंय, तीन वर्षांचे कागद तपासून द्या, फी सांगा." पंधरा लाखांच्या व्यवहारात ही फी काही हजारांची असते. ती वाचवू नका.

त्याच्यासमोर काय ठेवायचं?

– मालकाची तीन वर्षांची इन्कम टॅक्स रिटर्न आणि जीएसटी रिटर्न
– बँकेचं स्टेटमेंट आणि क्यूआर कोडवर आलेल्या पैशांचा १२ महिन्यांचा हिशेब
– लाइटबिलं आणि गॅसची बिलं. गल्ला फुगवून सांगता येतो, सिलिंडर फुगवता येत नाहीत
– कामगारांचे पगार, आणि त्यांनी घेतलेली उचल
– किराणावाल्याची, चिकनवाल्याची उधारी

दुसरा माणूस वकील. तो जागेचे कागद बघेल: सातबारा, बिनशेती परवानगी, जागेवर कर्जाचा बोजा आहे का. भाडेकरार नीट वाचून घ्या. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार सर्रास होतो. कर्ज ६० महिन्यांचं आणि करार ११ महिन्यांचा! बाराव्या महिन्यात मालक म्हणाला "जागा खाली कर", तर हप्ता कुठून भरणार? करार निदान कर्जाइतका लांब हवा आणि नोंदणी केलेला हवा. अजून एक अट लिहून घ्या: विकणाऱ्याने ठरलेल्या अंतरात, ठरलेली वर्षं तसलंच हॉटेल काढायचं नाही. धंद्याचं नाव आणि गुडविल विकताना अशी वाजवी अट करार कायद्यात चालते. ती नसेल, तर वस्तादाला घेऊन तो पलीकडच्या वळणावर नवा बोर्ड लावेल.

तिसरा माणूस, दुसऱ्या गावचा हॉटेलवाला. त्याचा यात काही फायदा-तोटा नाही. त्याला एक दिवस बरोबर न्या. भट्टीकडे आणि ताटात उरलेल्या भाताकडे बघून तो जे सांगेल, ते सीएलाही सांगता येणार नाही.

बँक मॅनेजरचं काय? कर्ज मंजूर झालं म्हणजे धंदा चांगला, असं नाही. बँक आपला हप्ता परत येईल का ते बघते. हप्ता भरून तुमच्या घरात काय उरेल, हा प्रश्न तुमचा आहे. मुद्रा योजनेतही पैसे बँकच देते आणि ते फेडायचेच असतात. आणि कुणी म्हणालं, "पीएमईजीपीची सबसिडी मिळवून देतो", तर जपून. ती योजना नवीन उद्योगासाठी आहे, चालू धंदा विकत घेण्यासाठी नाही. खात्री करायची तर अलिबागच्या जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः जा.

[१७:३०] मोबाइलवर आजच करता येण्यासारखं

जीएसटीच्या वेबसाइटवर मालकाचा जीएसटी नंबर टाका. रिटर्न भरली आहेत की नाहीत ते कुणालाही दिसतं, लॉगिन लागत नाही. सातबारा महाभूलेखवर बघता येतो. भिंतीवरच्या अन्न परवान्यावर १४ आकडी नंबर असतो. तो चालू आहे का, कुणाच्या नावावर आहे आणि तुमच्या नावावर कसा होईल, ते विचारून घ्या.

आणि मोबाइल खिशात ठेवून एक काम करा. सणवार नसलेल्या आठवड्यात दोन दिवस, त्यातला एक सोमवार, समोर बसून माणसं मोजा. किती आली, काय खाल्लं. आठ हजारांचा गल्ला असेल तर तो डोळ्यांना दिसतो.

[१९:००] रविवारचं काय?

टोकन द्यायचंच असेल तर रक्कम लहान ठेवा आणि कागदावर एक ओळ लिहून घ्या: "तपासणीत कागद समाधानकारक न आढळल्यास टोकन पूर्ण परत." या ओळीला मालक तयार नसेल, तर उत्तर तुम्हाला सीएकडे न जाताच मिळालं.

आणि नाही म्हणणं हा एकच पर्याय नाही. फक्त सामानाची वाजवी किंमत द्या. किंवा सहा महिने हॉटेल चालवायला घ्या, पावसाळा मध्ये येईल असे. किंवा थोडे पैसे आता, बाकीचे गल्ला दिसेल तसे. घरची दोन माणसं खरोखर बरोबर उभी राहणार असतील, तर हाच हिशेब बदलतो. पण मग ते त्यांना आधी विचारा, आणि त्यांचा पगार वहीत लिहा.

पेणच्या बाजूला वेगळं सांगायला नको. २०१० च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध आणले, तेव्हा कितीतरी घरांची आयुष्यभराची पुंजी अडकली. ओळखीचं नाव म्हणजे तपासणी नव्हे, हे त्या घरांना पाठ आहे. वडिलांचे पाच लाख ही त्यांची उद्याची औषधं आहेत. ते गल्ल्यात टाकण्याआधी वरचा हिशेब एका कागदावर लिहा आणि घरी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवा. वाचताना आवाज अडखळला नाही, तर खुशाल घ्या. पहिला चहा प्यायला मी येईन.

तुमच्या गावात असं हॉटेल कुणी घेतलं असेल, चाललं असेल किंवा बसलं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा, मालकाचं नाव न घेता. पुढच्या भागात बोलू हॉटेलातल्या उधारीच्या वहीबद्दल. भेटू!