विश्लेषण : ‘बलुतं’ला इंग्रजीत जायला ३७ वर्षे लागली... जेरी पिंटो यांच्या अनुवादांचे महत्त्व काय?

महाड तालुक्यात वरंध घाटाच्या पायथ्याशी शिवथरची घळ आहे. समर्थ रामदासांनी ‘दासबोध’ येथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. सांगणारा एक आणि कागदावर उतरवणारा दुसरा, ही जोडी मराठीला नवी नाही. आज भाषेची सीमा ओलांडताना असाच दुसरा हात लागतो, तो अनुवादकाचा. मराठीतून इंग्रजीत हे काम सातत्याने करणाऱ्यांत कवी, कादंबरीकार जेरी पिंटो यांचे नाव आघाडीवर आहे.

जेरी पिंटो कोण आहेत?

१९६६ मध्ये जन्मलेले पिंटो मूळच्या गोव्याच्या, पण मुंबईत माहीमला स्थिरावलेल्या कुटुंबातले. त्यांचे लेखन इंग्रजीत आहे. बराच काळ त्यांनी पत्रकारिता केली. त्यांचा ‘असायलम अँड अदर पोएम्स’ हा कवितासंग्रहही आला. अभिनेत्री हेलन यांच्यावरील त्यांच्या पुस्तकाला चित्रपटविषयक सर्वोत्कृष्ट पुस्तकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

कादंबरीकार म्हणून ओळख कशी झाली?

२०१२ मध्ये आलेल्या ‘एम अँड द बिग हूम’ या कादंबरीने. माहीमच्या लहानशा घरातले गोवेकर ख्रिस्ती कुटुंब, मनोविकाराने ग्रासलेली आई, तिला सांभाळणारा अबोल बाप आणि हे सारे पाहणारा मुलगा अशी ही गोष्ट. घरातल्या मानसिक आजाराबद्दल आपल्याकडे दबक्या आवाजात बोलले जाते. पिंटो यांनी ते मोकळेपणाने आणि विनोद न गमावता मांडले. या कादंबरीला ‘द हिंदू’चा साहित्य पुरस्कार आणि २०१६ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अमेरिकेतील येल विद्यापीठातर्फे दिला जाणारा दीड लाख डॉलरचा विंडहॅम-कॅम्पबेल पुरस्कारही त्यांना मिळाला. शांता गोखले यांनी ही कादंबरी ‘एम आणि हूमराव’ या नावाने मराठीत आणली. पुढे ‘मर्डर इन माहीम’ (२०१७) आणि ‘द एज्युकेशन ऑफ यूरी’ (२०२२) या कादंबऱ्या आल्या.

मराठीतून त्यांनी काय नेले?

सुरुवात झाली सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ने, २०१३ मध्ये. त्यानंतर दया पवार यांचे ‘बलुतं’ (२०१५), मलिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (२०१६), रंगभूमीवरील अभिनेत्री वंदना मिश्र यांचे ‘मी मिठाची बाहुली’ (२०१६), गणेश मतकरी यांचे ‘खिडक्या अर्ध्या उघड्या’ (२०१७) आणि बाबुराव बागूल यांचे ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ (२०१८) ही पुस्तके इंग्रजीत आली. गायिका नीला भागवत यांच्यासोबत त्यांनी संत स्त्रियांचे आणि तुकोबांचे अभंगही इंग्रजीत नेले.

वर्षांचा हिशेब काय सांगतो?

‘कोबाल्ट ब्लू’ मराठीत २००६ चे, म्हणजे सात वर्षांत इंग्रजीत गेले. ‘बलुतं’ १९७८ चे. त्याला ३७ वर्षे लागली. बागूल यांचा कथासंग्रह १९६३ चा. त्याला ५५ वर्षे. दलित साहित्याने मराठी गद्याची भाषाच बदलली, पण त्यातली पायाभूत पुस्तके इंग्रजी वाचकापर्यंत सर्वांत उशिरा पोहोचली.

शिवथरपासून जवळच असलेल्या महाडच्या संदर्भात हे अधिक जाणवते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. तो मानवी हक्काचा लढा म्हणून जगभर अभ्यासला जातो. मात्र त्या लढ्यानंतरच्या पिढ्यांनी गावकुसाबाहेर आणि मुंबईच्या चाळी-झोपड्यांत काय सोसले, हे सांगणारी पुस्तके परभाषेतल्या अभ्यासकाला वाचताच येत नसतील, तर त्याच्या हाती केवळ घटना आणि तारखा उरतात.

अनुवादात अडचणी कोणत्या?

पहिली अडचण शब्दांची. ‘बलुतं’ या शब्दात गावगाड्याची सारी उतरंड आहे. त्याला ‘वाटा’ म्हटले तर जात निसटते, ‘मजुरी’ म्हटले तर हक्क निसटतो. इंग्रजीतही पुस्तकाचे नाव ‘बलुता’ असेच राहिले, ते म्हणूनच योग्य वाटते. दुसरी अडचण व्याकरणाची. ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ म्हणताच बोलणारा पुरुष की स्त्री हे मराठीत कळते. इंग्रजीत कळत नाही. एकाच तरुणावर प्रेम करणाऱ्या भाऊ-बहिणीची ‘कोबाल्ट ब्लू’ दोघांच्या तोंडून सांगितली जाते. तिथे हा फरक वाक्याच्या लयीतून आणि तपशिलांतून दाखवावा लागतो. तिसरी अडचण बोलीची. गावची आणि वस्तीची भाषा एकसारख्या पुस्तकी इंग्रजीत उतरली, तर माणसाचा आवाज हरवतो. इथे अनुवादक कवी असणे उपयोगी ठरते, कारण शब्दाचे वजन आणि नाद तोलणे हे त्याचे रोजचेच काम.

मग प्रश्न सुटला का?

नाही. एका अनुवादकाच्या हातून वर्षाला एक-दोन पुस्तके होतात आणि त्याची निवडही शेवटी त्याच्या आवडीने ठरते. शांता गोखले, माया पंडित यांच्यासारख्या अनुवादकांनीही मोठे काम केले आहे. तरी मराठीतली रांग लांबच आहे. आणखी एक बाब महत्त्वाची. अनेक भारतीय भाषांतले वाचक व प्रकाशक दुसऱ्या भाषेतले पुस्तक इंग्रजीतूनच आधी पाहतात. त्यामुळे एक इंग्रजी अनुवाद मल्याळम किंवा बंगाली वाचकासाठीही दार उघडू शकतो. ते दार उघडायला पुन्हा ५५ वर्षे लागू नयेत, यासाठी विद्यापीठे, प्रकाशक आणि राज्याच्या साहित्य संस्थांनी अनुवादकांची नवी पिढी घडवणे हाच उपाय आहे.