माया लगेच दाटून येईलच असं नाही

बाळंतिणीच्या खोलीत येणारा प्रत्येकजण आधी पाळण्यात डोकावतो. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेक-शेगडी सगळं वेळच्या वेळी होतं. बाळाला पाजताना भिंतीकडे बघत बसलेल्या आईला मात्र 'दूध पुरतंय ना?' एवढंच विचारतात. 'या बाळाबद्दल मला काहीच वाटत नाही' हे ती बोलणार कुणाजवळ?

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच भरून येणं बहुतेकींच्या वाट्याला येतं आणि दोनेक आठवड्यांत निवळतं. नैराश्य तसं निवळत नाही. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या मातांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या २३ टक्के जणींना नैराश्य होतं. गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध ही त्यातली मोठी कारणं. अशा आयांची बाळं सहाव्या महिन्यात वजनाने कमी भरण्याचा धोकाही जास्त दिसला. म्हणजे आईचं मन बाळाच्या वजनकाट्यावरही उमटतं, आणि आपण तिला 'दुसऱ्याही आया आहेतच की' म्हणून गप्प करतो! हे थांबायलाच हवं. माया न वाटणं हे इथे आजाराचं लक्षण आहे, तिच्या स्वभावातली खोट नव्हे. आजार नसलेल्या कित्येक आयांनाही बाळाचा लळा लागायला काही आठवडे जातात.

हजारात एक-दोघींना होणारा तीव्र आजार वेगळा. रात्र रात्र झोप नाही, भलतेच संशय, 'हे बाळ माझं नव्हेच' असं ठाम बोलणं. ही बाहेरची बाधा नव्हे. अंगारा-धुपाऱ्यात एक दिवसही न घालवता तिला दवाखान्यात न्यायचं, आणि तोवर बाळासोबत एकटं सोडायचं नाही.

अशा वेळी बाळाला मामाकडे धाडून आईला एकटीला दाखल करायची घरच्यांची धडपड असते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २००९ पासून दुसरी वाट दाखवली आहे. तिथे आई आणि बाळ एकाच वॉर्डात राहतात, सोबत घरची एखादी बाईही असते. औषधं चालू असतानाच बाळाला कुशीत घेणं, अंघोळ घालणं, त्याच्या रडण्याचा अर्थ लावणं हे आई हळूहळू करू लागते. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही सांगतो की उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल एरवी तोडू नये.

स्तनपान चालू असतानाही चालणारी औषधं आहेत. ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, फुकट बोलता येतं. आईला जमत नसेल तर फोन नवऱ्याने लावावा.