पोट उघडलंच आहे, तर गाठही काढा?

सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘फायब्रॉइड’ दिसलं की घरच्यांचा जीव टांगणीला लागतो: कॅन्सर तर नाही? गर्भाशयाच्या स्नायूतूनच वाढणारी ही गाठ जवळजवळ नेहमीच साधी असते. ती आहे म्हणून सिझेरियन करावंच लागतं, असंही नाही. गाठीने खालून बाळाची वाट अडवली, किंवा तिच्यामुळे बाळ आडवं राहिलं, तर गोष्ट वेगळी.

खरा घोळ सिझेरियन ठरल्यावर होतो. “डॉक्टर, पोट उघडणारच आहात, तर गाठही काढून टाका. पुन्हा ऑपरेशन नको.” मागणी साहजिक आहे, पण तिच्यामागचा समज चुकीचा आहे. हे काम दोन जादा टाक्यांचं नाही. एरवी गर्भाशयाला रक्त फार थोडं लागतं. नवव्या महिन्यात मात्र तिथून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहत असतं. वार सुटली की स्नायू घट्ट आवळतो, त्याच्या धाग्यांमधून जाणाऱ्या रक्तवाहिन्या चिमटल्या जातात आणि रक्त थांबतं. नेमक्या त्याच वेळी त्याच स्नायूला आणखी एक चीर द्यायची असते. रक्त आवरलं नाही, तर बाईचा जीव वाचवायला पिशवीच काढावी लागू शकते. म्हणून देठावर लोंबणारी गाठ सोडली तर बाकी गाठींना सिझेरियनच्या वेळी हात लावायचा नाही, असं डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांना शिकवलं गेलं.

पण ‘कधीच नाही’ हाही आता गैरसमजच म्हणायला हवा. गेल्या काही दशकांत तुर्कस्तान, नायजेरिया, चीन, इटली अशा अनेक देशांतल्या डॉक्टरांनी आपले अनुभव मांडले. अनुभवी हातांनी, पारखून निवडलेल्या बायकांमध्ये गाठी काढल्या तेव्हा हिमोग्लोबिन थोडं जास्त उतरलं, ऑपरेशन थोडं लांबलं. पिशवी काढायची वेळ क्वचितच आली. यातला ‘पारखून’ हा शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बहुतेक अभ्यासांत कुणाची गाठ काढायची हे सर्जननेच ठरवलं होतं, म्हणजे अवघड गाठी बऱ्याचदा आधीच बाजूला पडल्या. ते निष्कर्ष सरसकट प्रत्येकीला लावता येत नाहीत.

गाठ कुठे आहे, यावर बरंच काही ठरतं. बाहेरच्या बाजूला आलेली गाठ तुलनेने सोपी. बाळ काढायला चीर द्यायची त्याच जागी गाठ बसली असेल, किंवा तिच्यामुळे चीर शिवताच येत नसेल, तर ती काढण्यावाचून इलाज नसतो. स्नायूत खोल रुतलेली मोठी गाठ, गर्भनलिकेच्या तोंडाजवळची, मोठ्या रक्तवाहिन्यांना खेटून असलेली, किंवा एकाच वेळी पुष्कळ गाठी असतील तर शहाणा सर्जन थांबतो. काढायचीच ठरली तर आधी ऑक्सिटोसिनने पिशवी आवळून घेतात, गरज पडल्यास गर्भाशयाच्या धमन्या बांधतात, मग गाठ तिच्या आवरणातून सोलून काढून मागे राहिलेला खड्डा थराथराने शिवतात. त्या खड्ड्यात रक्त साचता कामा नये.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 52.2 टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन आधीच कमी असलेल्या बाईला तो ‘थोडा जास्त’ रक्तस्रावही झेपत नाही. म्हणून ही चर्चा आठव्या महिन्यातच व्हावी: गाठ कुठे आहे, हिमोग्लोबिन किती आहे, रक्ताची सोय आहे का, आणि पोट उघडल्यावर डॉक्टरांना धोका दिसला तर गाठ तशीच ठेवायला आपली तयारी आहे का. बाई टेबलावर असताना ओटीच्या दारात नवऱ्याची घाईघाईने सही घेणं म्हणजे चर्चा नव्हे.

ठेवली तर ती वाढतच जाईल, ही भीतीही बहुतेकदा खरी ठरत नाही. बाळंतपणानंतर गर्भाशय पूर्ववत होताना अनेक गाठी लहान होतात, आणि त्रास नसेल तर पुढे फक्त सोनोग्राफीवर लक्ष ठेवणंही पुरतं. उलट, काढली म्हणजे कायमची गेली असंही नाही. नव्या गाठी येऊ शकतात. खोल गाठ काढलेल्या जागी व्रण राहतो आणि पुढच्या खेपेला कळांच्या जोराने तो फाटण्याचा धोका असतो. म्हणून गाठ कुठली होती, किती खोल होती, पिशवीचं आतलं अस्तर उघडलं का, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या आणि ते कार्ड पुढच्या बाळंतपणापर्यंत जपून ठेवा.